शेळी घेऊन परीक्षेला!

परीक्षेला जाताना तुम्ही काय काय नेता? पेन, पट्टी, कंपासपेटी. निघताना आई हातावर दही ठेवते, देवाला नमस्कार होतो आणि स्वारी निघते. आता समजा, तुमच्या बाईंनी फर्मान काढलं, "उद्या पेपरला प्रत्येकानं आपापली शेळी आणायची. तिला आंघोळ घालून, खुरं कापून, अंग पुसून आणायची. आणि मार्क मिळतील ते तुम्हाला, शेळीला नाही!" केवढा गोंधळ उडेल वर्गात!

हसू नका बरं का. अमेरिकेत अशी परीक्षा खरोखर होते आणि दर वर्षी हजारो मुलं-मुली ती हौसेनं देतात. तिथल्या राज्यांचे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग पाडलेले असतात. त्यांना म्हणतात काउंटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठिकठिकाणी या काउंटीची जत्रा भरते. मोठमोठे पाळणे असतात, भाजलेली कणसं असतात, गाणीबजावणी असते. पण जत्रेचा खरा जीव असतो गुरांच्या मांडवात. गाई, डुकरं, मेंढ्या, कोंबड्या, ससे आणि आपल्या शेळीबाई! त्यांना रिंगणात घेऊन येणारे कोणी मिशाळ शेतकरी नसतात. असतात तुमच्याएवढी मुलं, अगदी तिसरी-चौथीतलीसुद्धा.

चला, आपणही रिंगणाच्या कडेला जाऊन उभे राहू.

दुभत्या शेळ्यांची स्पर्धा असेल तर मुलांनी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालायची पद्धत आहे. गोठ्यातून शेळी आणायची आणि कपडे पांढरेशुभ्र ठेवायचे! ही पद्धत कोणा आईनं पाडली नसणार, एवढं नक्की. मुलं एका हातात शेळीच्या गळ्यातली बारीक साखळी धरून ओळीनं आत येतात आणि हळूहळू गोल फिरतात. मधे उभा असतो परीक्षक. तो बोलत नाही, फक्त बघतो.

काय बघतो? अमेरिकन डेअरी गोट असोसिएशन नावाची एक जुनी संस्था आहे. तिची मुळं १९०४ सालापर्यंत जातात. शेळी हाताळण्याच्या स्पर्धेसाठी तिनं एक गुणपत्रिका ठरवून दिली आहे. एकूण गुण १००. त्यातले ४० शेळी कशी ठेवली आहे याला. ती तुकतुकीत आहे का, अंग स्वच्छ आहे का, खुरं नीट कापली आहेत का. १० गुण मुलाच्या स्वतःच्या टापटिपीला. आणि उरलेले ५० रिंगणात तिला कसं चालवता, कसं उभं करता, याला.

नीट पाहा हं! शेळी किती देखणी, किती जातिवंत, किती महागाची, याला यात एकही गुण नाही. त्याची स्पर्धा वेगळी असते. तिथे शेळीची कास, तिची ठेवण, पाय, पाठ, पोटाचा घेर असं सगळं मोजूनमापून नंबर काढतात. त्या गुणपत्रिकेत १०० पैकी ३५ गुण तर एकट्या कासेला असतात. पण मुलाच्या परीक्षेत साधी गावठी शेळी आणलेला मुलगा हजारो डॉलरच्या शेळीवाल्याला सहज मागं टाकू शकतो.

नियम ऐकायला सोपे आणि पाळायला महाकठीण. पहिला नियम, शेळी कायम तुमच्या आणि परीक्षकाच्या मधे हवी. परीक्षक डावीकडून उजवीकडे गेला की तुम्हीही शेळीच्या पुढून वळसा घालून पलीकडे जायचं. म्हणजे त्याला शेळी पूर्ण दिसते, मधे तुमची पाठ येत नाही. दुसरा नियम, थांबल्यावर चारही पाय चौरंगाच्या पायांसारखे चार कोपऱ्यांत आले पाहिजेत. तुम्ही तिसरा पाय नीट ठेवेपर्यंत ती पहिला हलवते! तरी चिडायचं नाही, ओढाताण करायची नाही, शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत. एक नजर परीक्षकावर आणि एक शेळीवर. दोन डोळे कमी पडतात.

आणि मग येतो खरा कसोटीचा क्षण. परीक्षक शांतपणे म्हणतो, "आता शेजारच्याशी शेळ्यांची अदलाबदल करा."

झालं! महिनोन् महिने ज्या शेळीला शिकवलं, जी तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर चालते, ती गेली दुसऱ्याकडे. तुमच्या हातात आली एक अनोळखी शेळी. ती मान वळवून आपल्या मालकाकडे बघतेय, बें बें करून ओरडतेय. तिला मानेला हात लावलेला आवडतो की नाही, ती घाबरट आहे की दांडगट, तुम्हाला काही माहीत नाही. इथे पाठांतर चालत नाही. ज्याला शेळ्या कळतात तो तिच्या मानेवर हात फिरवतो, क्षणभर थांबतो, मग पाऊल टाकतो. ज्याला फक्त आपली एक शेळी पाठ असते तो दावं खेचायला लागतो. आख्ख्या रिंगणात कोण कोण आहे, हे परीक्षकाला दोन मिनिटांत कळतं. मला विचाराल तर ही अदलाबदल म्हणजे या स्पर्धेतली सर्वांत हुशारीची कल्पना आहे.

तोंडी परीक्षाही असतेच. शेळी किती दिवस गाभण असते? (साधारण १५०.) तिच्या अंगाचं तापमान किती? (निरोगी शेळीचं सुमारे १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट. म्हणजे तुम्हाला एवढा ताप असेल तर शाळेला बुट्टी, पण शेळीला तेच ठीक.) तिच्या पुढच्या वरच्या दातांबद्दल सांग पाहू! (फसू नका. शेळीला पुढचे वरचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते.) आणि हमखास विचारला जाणारा एक प्रश्न म्हणजे, "तुझ्या शेळीत कोणता दोष आहे?" पाच महिने जिला जीव लावला तिचा दोष चारचौघांत सांगायचा! "हिचे मागचे पाय जरा सरळ आहेत," किंवा "हिची पाठ मागे उतरती आहे," असं जो मुलगा सरळ सांगतो, त्याचं परीक्षकाला कौतुक वाटतं. "काहीच दोष नाही," म्हणणारा तिथेच मार खातो.

परीक्षकालाही सुटका नाही बरं का. शेळ्यांचे नंबर लावून झाले की त्यानं ध्वनिक्षेपक हातात घेऊन सगळ्यांसमोर कारणं सांगायची असतात. पहिली दुसरीच्या वर का, दुसरी तिसरीच्या वर का. नुसतं "मला वाटलं" चालत नाही. पेपर तपासून झाल्यावर आपल्याकडेही असं जाहीर सांगितलं तर? जाऊ दे, तो वेगळा विषय!

परीक्षक होण्याचीही मुलांची स्पर्धा असते. चार शेळ्या समोर उभ्या करतात. त्यांचे नंबर लावायचे आणि मग का लावले ते दोन मिनिटांत, चिठ्ठीत न बघता, घडाघडा सांगायचं. चारच तर शेळ्या, असं वाटतं ना? गणित करून पाहा. चार शेळ्या ओळीनं लावायच्या २४ रीती होतात. डोळे मिटून लावलात तर बरोबर यायची शक्यता चोविसात एक.

मक्यापासून शेळीपर्यंत

हे सगळं सुरू कसं झालं, ती गोष्ट मजेदार आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृषी महाविद्यालयांपुढे एक पेच पडला होता. नवं बियाणं, नव्या पद्धती शोधून काढाव्यात, पण शेतकरी ऐकतील तर शपथ! "आमच्या आज्यापासून आम्ही असंच करत आलो," हे उत्तर ठरलेलं. (आपल्या ओळखीचं वाटतंय ना?) मग काही हुशार माणसांच्या लक्षात आलं, की मोठे ऐकत नसतील तर मुलांना सांगावं. मुलं करून बघतात. आणि मुलाच्या वाफ्यातला मका बापाच्या मक्यापेक्षा जोमदार आला, की बाप आपण होऊन चौकशी करतो.

ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाचे शाळांचे अधीक्षक होते. त्यांनी जानेवारी १९०२ मध्ये स्प्रिंगफील्ड गावी, कचेरीच्या तळघरात तीसेक मुलामुलींना जमवलं आणि मंडळ काढलं. मुलं मातीची परीक्षा करायची, मक्याची निरनिराळी बियाणी लावून बघायची. अशी मंडळं इतर राज्यांतही निघत होती. १९१४ साली अमेरिकी संसदेनं कायदा करून कृषी महाविद्यालयांचं ज्ञान गावोगाव पोचवायची व्यवस्था केली आणि ही मंडळं तिला जोडली गेली. त्यातूनच उभी राहिली 'फोर-एच' ही चळवळ. फोर-एच म्हणजे इंग्रजी एच अक्षरापासून सुरू होणारे चार शब्द, हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ. आपल्या भाषेत डोकं, हृदय, हात आणि आरोग्य. खूण म्हणजे हिरवं चार पानांचं तिपतिया गवत. तिपतियाला चार पानं कशी, असं विचाराल तर तिथे चार पानांचं तिपतिया सापडणं शुभ मानतात!

शाळेतल्या शेतकी वर्गांशी जोडलेली दुसरी संघटना म्हणजे एफएफए. ती १९२८ साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली. तिचं निळं कॉर्डरॉयचं जाकीट १९३३ पासून आजतागायत चालत आलं आहे. जाकीट रुबाबदार, पण ते सगळ्यांना मिळत नव्हतं. दक्षिणेतल्या काळ्या मुलांसाठी वेगळी संघटना होती, ती १९६५ साली एफएफएत विलीन झाली. आणि मुलींना तर राष्ट्रीय पातळीवर थेट १९६९ साली सभासदत्व मिळालं! शेळीची धार काढायला मुलगी चालायची, जाकीट घालायला चालायची नाही. आज मुली रिंगणात मुलांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात.

यमुनाकाठचे कान

आता रिंगणातल्या शेळ्यांकडे पाहा. पांढऱ्याशुभ्र सानेन आणि तपकिरी टोगेनबर्ग मूळच्या स्वित्झर्लंडच्या. पण ती बघा, लांबलचक लोंबते कान आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक असलेली. तिचं नाव न्यूबियन. तिला पाहून उत्तर प्रदेशातला एखादा पाहुणा म्हणेल, "अरे, ही तर आमची जमुनापारी!"

त्याचं फारसं चुकणार नाही. आपली जमुनापारी ही यमुना आणि चंबळ नद्यांच्या काठची, इटावा भागातली जात. इंग्रजांच्या काळात बोटीवर ताज्या दुधासाठी शेळ्या नेत. अशा भारतातून आणि इजिप्तकडून गेलेल्या बोकडांचा इंग्लंडमधल्या शेळ्यांशी संकर झाला आणि अँग्लो-न्यूबियन जात तयार झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत पोचली. म्हणजे तिथल्या मुलाच्या हातातल्या शेळीचे कान आपल्या यमुनाकाठचे!

याच्या अगदी उलट ला-मांचा. हिला कान आहेत की नाहीत, असा प्रश्न पडावा इतके ते इवलेसे. ही जात ओरेगॉन राज्यातल्या यूला फ्रे या बाईंनी वाढवली आणि १९५८ साली तिची वेगळी नोंद होऊ लागली. स्पर्धेतल्या शेळीची ओळख पटावी म्हणून तिच्या कानात आतून आकडे-अक्षरं गोंदतात. मग ला-मांचाचं काय करायचं? तिला शेपटीखाली गोंदतात! रिंगणाच्या दारात माणसं एका शेळीचा कान आणि दुसरीची शेपटी उचलून बघताना दिसली, तर आता तुम्हाला नवल वाटणार नाही.

वही, खुरं आणि लाल पापणी

जत्रा दोन-चार दिवसांची, पण परीक्षेची तयारी महिनोन् महिने चालते. सकाळी शाळेआधी पाणी बदलायचं, खुराक मोजून घालायचा. दुभती असेल तर दोन्ही वेळा धार. दर महिना-दीड महिन्याला खुरं कापायची, नाहीतर ती वाढून वळतात आणि शेळी लंगडते. दावं लावून रोज चालवायचं. पहिले काही दिवस शेळी मुलाला चालवते, मग हळूहळू मूल शेळीला चालवायला लागतं.

आणि रोज डोळे बघायचे. का ते सांगतो. शेळीच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात. रक्त कमी झालं की खालच्या पापणीची आतली लाली उडते आणि ती फिकट, पांढरट दिसायला लागते. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाचे पशुवैद्य होते. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा एक रंगांचा तक्ता आहे, फामाचा तक्ता. त्यात लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच छटा असतात. शेळीची पापणी उलटून या तक्त्याशी ताडून पाहायची आणि जिला गरज आहे तिलाच जंताचं औषध द्यायचं. सरसकट सगळ्यांना पाजलं तर जंत औषधाला सरावतात आणि मग काहीच लागू पडत नाही. हा तक्ता वापरायचं रीतसर शिक्षण घ्यावं लागतं आणि फोर-एचची मुलंही ते घेतात. आपल्याकडे ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी गावच्या पशुवैद्यांना याबद्दल जरूर विचारावं.

पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठी. जनावरांना हात लावला की साबणानं हात धुणं हा तिथे कडक नियम आहे. २००४ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या जत्रेत शेळ्या-मेंढ्यांना कुरवाळायला गेलेल्या शंभरावर लोकांना, विशेषतः लहान मुलांना, जिवाणूंची बाधा झाली होती.

पण या सगळ्या कामांत मुलांना सर्वांत कंटाळवाणं वाटतं ते वही लिहिणं! प्रत्येकाला आपल्या जनावराची एक वही ठेवावी लागते. कधी घेतलं, कितीला घेतलं, वजन किती, खुराक किती, औषध कोणतं दिलं, कोणत्या तारखेला. औषधाची तारीख फार महत्त्वाची. औषध दिल्यावर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय त्या जनावराचं दूध किंवा मांस माणसाच्या पोटात जाता कामा नये. शेवटी जमाखर्च मांडायचा. समजा, करडू १५० डॉलरला घेतलं, खुराक १२०, लशी-औषधं ३०, बाकी किरकोळ २०. एकूण ३२०. विकलं २८० ला. म्हणजे ४० डॉलर तोटा! तोटा लिहायला लाज वाटायचं कारण नाही. खोटा नफा लिहिला तर मात्र वहीचे मार्क गेले.

बक्षिसांची एक चांगली रीत इथे सांगायला हवी. फोर-एचमध्ये पुष्कळ ठिकाणी डॅनिश पद्धत वापरतात. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा असं न करता ठरवलेल्या पातळीला जो जो पोचला त्या सगळ्यांना निळी फीत, त्याखालच्यांना लाल, त्याखालच्यांना पांढरी. दहाही मुलांनी काम उत्तम केलं असेल तर दहाही फिती निळ्या. विजेता निवडायचा असेल तर तो नंतर निळ्यांमधून निवडतात.

म्हणून सगळंच गोडगोड आहे असं समजू नका. बक्षीस आलं की लबाडीही येते. १९९४ साली ओहायो राज्याच्या जत्रेत विजेत्या बैलाच्या कातडीखाली तेल टोचून त्याला गुबगुबीत दाखवल्याचं उघडकीला आलं. केवढी नाचक्की झाली! त्यानंतर त्या राज्यानं खास कायदा केला. पैशाचाही प्रश्न आहेच. मोठ्या स्पर्धांसाठी काही श्रीमंत घरं हजारो डॉलर मोजून करडू आणतात आणि त्याचे केस कापायलासुद्धा पगारी माणूस ठेवतात. मग मुलानं काय केलं? फक्त दावं धरलं! अशा फितीला काय अर्थ आहे, हे मला तरी कळत नाही.

विक्रीचा दिवस

आता जरा अवघड गोष्टीकडे येऊ. दुभत्या शेळ्या जत्रा संपली की घरी जातात. पण दुसराही एक गट असतो, मांसासाठी वाढवलेल्या बोकडांचा. यात बहुतेक बोअर जातीचे, पांढरं अंग आणि तांबूस डोकं असलेले खच्ची बोकड असतात. बोअर मूळची दक्षिण आफ्रिकेची. ती अमेरिकेत १९९३ च्या सुमारास आली आणि टेक्सासमध्ये तर बघता बघता पसरली. (आपल्याकडे सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनंही बोअर आणली आहे.)

मुलं वसंतात करडू घेतात, तीन-चार महिने वाढवतात, जत्रेत रिंगणात आणतात आणि मग जत्रेच्या शेवटी लिलाव होतो. बोली लावायला गावातले दुकानदार, बँकवाले, पुढारी येतात. बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त बोली लावतात, कारण पैसे मुलांना मिळणार असतात. पुष्कळ मुलं ते पुढच्या शिक्षणासाठी साठवतात. बोकड मात्र खाटकाकडे जातो. अनेक जत्रांचा नियमच असतो, की लिलावात उतरलेलं जनावर परत घरी न्यायचं नाही.

त्या दिवशी गोठ्यात रडू ऐकू येतं. ज्याला नाव ठेवलं, बाटलीनं दूध पाजलं, ज्याच्याजवळ बसून गृहपाठ केला, त्याच्या गळ्यातलं दावं सोडून द्यायचं. मोठी मुलंसुद्धा डोळे पुसताना दिसतात. आपल्याकडे शेळ्या पाळणाऱ्या घरातल्या मुलांना हे काही नवं नाही. बाजाराच्या दिवशी बोकड गेला की घरातलं लहान मूल जेवत नाही, हे पुष्कळांनी पाहिलं असेल.

२०२२ साली कॅलिफोर्नियातल्या शास्ता भागात यावरूनच मोठं प्रकरण झालं. नऊ वर्षांच्या एका मुलीनं सीडर नावाचा बोकड वाढवला. सीडर म्हणजे देवदार. जूनमध्ये जत्रा आली, लिलावाचा दिवस आला, आणि मुलीला तो द्यायचा धीर होईना. ती त्याच्याजवळ बसून रडायला लागली. आईनं जत्रेच्या लोकांना विनवलं, पण लिलाव झाला. ९०२ डॉलरची बोली लागली. त्यात जत्रेचा वाटा होता अवघा ६३ डॉलरच्या आसपास. आईनं बोकड गुपचूप दूर एका शेतावर नेऊन ठेवला आणि कळवलं, की तुमचं जे नुकसान होईल ते मी भरून देते. जत्रेवाल्यांचं म्हणणं पडलं, की एकाला सूट दिली तर बाकीची मुलं काय शिकतील? नियम म्हणजे नियम.

प्रकरण पोलिसांकडे गेलं. पोलीस शेकडो मैल गाडी हाकत गेले आणि त्यांनी बोकड ताब्यात घेतला. न्यायालयात निकाल लागेपर्यंत त्याला जिवंत ठेवायला हवं होतं, असं मुलीच्या घरच्यांचं म्हणणं होतं. पण तोवर सीडरला मारण्यात आलं होतं. कुटुंबानं दावा लावला आणि २०२४ साली शास्ता काउंटीनं तीन लाख डॉलर भरपाई द्यायचं कबूल केलं. ९०२ डॉलरच्या बोकडासाठी तीन लाख!

तुम्ही काय केलं असतं? जरा विचार करा. जत्रेवाल्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. बोकड कशासाठी वाढवायचा, हे आधी ठरलेलं होतं. बोली लावणाऱ्यानंही त्या भरवशावर बोली लावली होती. त्याच रांगेतल्या बाकीच्या मुलांनी डोळे पुसत आपापलं दावं सोडलंच की. पण दुसरीकडे, नऊ वर्षांच्या मुलीला एप्रिलमध्ये 'हो' म्हणताना जूनमध्ये काय वाटेल ते कसं कळावं? आणि ज्या संस्थेच्या चार शब्दांतला एक शब्द 'हृदय' आहे, तिच्या मुलांच्या जत्रेत एवढ्या छोट्या रकमेसाठी पोलीस धाडावेत, हे मला तरी पटत नाही. घरी यावर वाद घालून पाहा. आई एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला, असंही होईल!

शहाण्या मंडळांमधले मार्गदर्शक हल्ली करडू घेतानाच मुलाला सगळं स्पष्ट सांगतात. हा बोकड कुठे जाणार आहे, कोणत्या दिवशी जाणार आहे. ज्याला ते झेपणार नाही त्यानं मांसाचा बोकड न घेता दुभती शेळी घ्यावी, तिच्या पिल्लांची पैदास करावी. काही मुलं पहिल्या वर्षी बोकड वाढवतात आणि दुसऱ्या वर्षी शेळीकडे वळतात. काही उलटही करतात.

२०२० साली कोरोनामुळे पुष्कळ जत्रा रद्द झाल्या. तेव्हा मुलांनी अंगणात शेळी चालवून तिचं चित्रीकरण केलं आणि ते परीक्षकांकडे पाठवलं. नंबर लागले, फिती पोस्टानं घरी आल्या. फक्त एक गोष्ट कोणालाच करता आली नाही, ती म्हणजे शेजारच्याशी शेळीची अदलाबदल.

जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी सगळे मिळून गोठे झाडतात. ज्या मंडळाचा गोठा आठवडाभर सर्वांत स्वच्छ राहिला त्याला वेगळं बक्षीस असतं. मग दुभत्या शेळ्या गाडीत चढतात. कोणाच्या हातात शेळीची साखळी असते, कोणाच्या हातात नुसतंच दावं. घरी गेल्यावर दोघांनाही वहीचं शेवटचं पान पुरं करायचं असतं. जनावराचं पुढे काय झालं, एकूण फायदा की तोटा, आणि पुढच्या वर्षी काय वेगळं करणार? ते पान मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आईबाबांचं अक्षर चालत नाही.